मुंबईत ग्रिलमधल्या कुंड्यांसाठी कमी पाण्यात टिकणारी झाडं कोणती?

मे महिन्यात पाणीकपात आणि ग्रिलमध्ये दुपारचं कडक ऊन असेल, तर बोगनवेल डोळे झाकून लावा, पाणी जरा कमी पडलं की तिला उलट जास्त फुलं येतात. सदाफुली, कोरफड, ऑफिस टाइम (पोर्चुलाका) पण मस्त चालतात, सावली असेल तर स्नेक प्लांट. पण आपल्याकडे खरा घोळ पावसाळ्यात होतो, अडेनियम (फुगीर खोडाचं डेझर्ट रोझ) उन्हाळा आरामात काढतं आणि जुलैत खोड दाबून बघावं तर पिलपिलीत, म्हणजे सडलंच, म्हणून त्याच्या मातीत निम्मी जाड रेती घाला आणि पावसात कुंडी आत घ्या. बोगनवेल, सदाफुलीच्या कुंडीत वरून नारळाच्या शेंड्या पसरा, ओल टिकते. बोट खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी, तांदूळ धुतलेलं पण चालतं.