मुळशीत दीड एकर भातशेती आहे, प्लॉटिंगवाला गुंठ्याला ४ लाख देतोय. विकावी का? पर्यावरणाचं नुकसान पैशात धरता येतं का?

पहिला हिशेब आधी उरकतो, त्यात डोकं लावण्यासारखं फारसं काही नाही. दीड एकर म्हणजे ६० गुंठे, त्याचे झाले २ कोटी ४० लाख. बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले तरी वर्षाला १६ लाख ८० हजार व्याज. आमच्याकडे इंद्रायणी एकरी बारा-तेरा क्विंटल येतो, भरडून आठेक क्विंटल तांदूळ. ओळखीच्या गिऱ्हाइकांना ६० रुपयांनी दिला तर ४८ हजार. चिखलणी, आवणीची (रोपलावणीची) मजुरी, खत, मळणी वजा जाता एकरी वीस हजार उरले तरी पुष्कळ, तेही घरची माणसं फुकट राबतात म्हणून. नुसत्या भाताशी तुलना करायची तर विकून मोकळे व्हा. माझ्या थोरल्या भावाचंही हेच म्हणणं होतं.

लिहायला बसलो ते तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी.

आमचं गाव पौडच्या पुढं. ओढ्यालगत चार खाचरं, आणि वर दोन एकर वरकस माळ. आजोबा त्यावर नाचणी-वरई करायचे, पुढं ते बंद पडलं आणि नुसतं गवत राहिलं. २०११ साली त्या माळाला गिऱ्हाईक आलं. दादा म्हणाला, "खाचरं सोडतोय का आपण? दगडं विकतोय." मी तेव्हा कोथरूडात भाड्यानं राहत होतो, बँकेत नोकरी. कुरकुर केली, पण इसार झाला, खरेदीखताच्या दिवशी रजा काढून गेलो आणि सही केली. बहिणीनंही केली. माझ्या वाट्याच्या पैशातून आज राहतो त्या फ्लॅटचा पहिला हप्ता भरला. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर खाली कोणीतरी विचारणारच.

दिवाळीनंतर पोकलेन आला. उतार कापून पायऱ्या पाडल्या, मुरमाचे रस्ते केले. वरून येणारा ओढा प्लॉटच्या आड येत होता, तर त्याला दोन फुटी पाइपात घालून वर माती लोटली. जुलैत पहिली मोठी झड आली, पाइप तुंबला आणि सगळा मुरूम आमच्या वरच्या दोन खाचरांत उतरला. आवणी होऊन आठ दिवस झाले होते. रोपं दिसेनात, चार बोटं जाड तांबडा थर. वहिनी फोनवर एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही या आणि बघून जा." मी गेलो, बघितलं आणि परत आलो. दुसरं करणार काय होतो?

तक्रार करायची तर कोणाकडे? शेतजमिनीचे बारके तुकडे पाडू न देणाऱ्या तुकडेबंदी कायद्यामुळं तेव्हा गुंठ्या-गुंठ्याचा वेगळा सातबारा होत नव्हता, म्हणून एकाच सातबाऱ्यावर अकरा नावं चढली होती, सगळी पुण्या-मुंबईची. पूर्वी बांध फुटला तर शेजाऱ्याला शिव्या देता यायच्या, संध्याकाळी दोघं मिळून फावडं घेऊन बांध घालायचे. आता शेजारी म्हणजे तारेचं कुंपण आणि कुलूप. विकणारा एजंट दुसऱ्या गावात पुढचा माळ कापत होता.

विहिरीचं सांगतो. अक्षय तृतीयेपर्यंत आमची विहीर कधी दगा द्यायची नाही. त्यानंतरच्या तीन-चार वर्षांत ती होळीलाच तळाला जायला लागली. पहिल्या पावसात ओढ्यातून खाचरात चढणीचे मासे यायचे, पोरं टोपल्या घेऊन पळायची. पाइपातून मासा चढत नाही. आता हे पैशात कसं धरायचं ते सांगा.

तरी कारकुनी सवयीनं मी एकदा धरून बघितलं. तुमच्या दीड एकरात चार इंच पाणी उभं राहिलं तर ते सहा लाख लिटर होतं, म्हणजे दहा हजार लिटरचे साठ टँकर. तेही एका भरण्यात, आणि पावसाळ्यात खाचर कितीदा भरतं ते तुम्हालाच ठाऊक. आमच्या सोसायटीनं मागच्या उन्हाळ्यात टँकरला बाराशे मोजले. साठ टँकरचे ७२ हजार. हे मी दादाला फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, "मग तुझी सोसायटी मला ७२ हजार पाठवती का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. पाणी धरून ठेवतो आपण, त्याचं बिल कोणाला लावायचं हे कुठल्या कागदावर नाही. सातबाऱ्यावर ओढ्याखालच्या जमिनीला एकच शब्द, पोटखराबा, म्हणजे लागवडीला निकामी.

दादाचा दुसरा टोला याहून जड होता. आमच्या पणज्याची जमीन मुळशी धरणात गेली. १९२१ साली सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले, तरी धरण झालंच. पाणी घाटाखाली भिऱ्याला वीज करायला गेलं आणि दिवे मुंबईत लागले. "तेव्हा कोण आला होता ओढा मोजायला? निदान मी भाव ठरवून विकला," असं तो म्हणतो, आणि त्या पैशात पोरीचं इंजिनिअरिंग झालं हेही खरं आहे. मी मात्र त्याला अजून एकच विचारतो, की दगडं विकली म्हणालास ना, मग खाचरं का मेली? खाचर वरच्या माळावर जगतं. माळ पाऊस झिरपवतो, गवत माती धरतं, तेव्हा कुठं खाली स्वच्छ पाणी उतरतं. आम्ही मूळ विकून फांदी राखली. हे त्यानं एकदा कबूल करावं एवढंच माझं म्हणणं आहे, चौदा वर्षं झाली.

पश्चिम घाट कसा राखायचा यावरचा माधव गाडगीळ समितीचा अहवाल आला तोही २०११ सालीच. निर्णय ग्रामसभेनं घ्यावा असा त्यातला भर होता, पण गावात पोचलं ते असं की आता गोठासुद्धा बांधता येणार नाही. मग २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीनं घाटाचा ३७ टक्के भागच संवेदनशील धरला. ग्रामसभेत एकदाही नकाशा उलगडलेला मी पाहिला नाही.

आता तुमच्याबद्दल. सगळं विकू नका. रस्त्याकडचा, ओढ्यापासून लांबचा तुकडा द्या, पैशाची नड त्यात भागेल. ओढ्याचा काठ आणि वरची पड कोणत्याही भावानं देऊ नका. ओढा बुजवणार नाही, वळवणार नाही, हे खरेदीखतात लिहून घ्या, तोंडी शब्दाला काडीची किंमत नसते. बहिणींना आधी विचारा, सहीच्या दिवशी नाही. आणि कराचं बघा: पुण्यासारख्या मोठ्या महापालिकेच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या बाहेरच्या शेतजमिनीला भांडवली नफ्याचा कर लागत नाही, पण पुण्याची हद्द २०१७ आणि २०२१ मध्ये गावं घेऊन वाढली आहे, तेव्हा अंतर सीएकडून तपासून घ्या.

एक कबुली राहिली. मी भूजलातला माणूस नाही. खाचरातलं सगळं पाणी मुरत नाही, चिखलणीनं तळ घट्ट होतो, बरंचसं खालच्या खाचरात जातं, काही उडून जातं. तेव्हा साठ टँकर हा आकडा ताणलेला आहे. आमची विहीर ओढ्यामुळं आटली की प्लॉटवाल्यांनी मारलेल्या दोन बोअरमुळं, हेही ठामपणे सांगता येत नाही. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात शंभर फुटांवर गोष्ट बदलते. तुमच्याकडं कदाचित काहीच होणार नाही.

पण सही करायच्या आधी जुलैत एकदा, झड चालू असताना, इरलं नाहीतर छत्री घेऊन वरच्या बांधावर उभे राहा. पाणी कुठून येतं आणि कुठं जातं ते बघा. आमचा सौदा एप्रिलात झाला, तेव्हा ओढ्यात नुसते दगड होते.