वीस वर्षं तंत्रज्ञानाची बीट सांभाळल्यावर नोकरी सोडून फ्रीलान्स लेखन आणि ब्लॉग करावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मोठ्या प्रकाशनात वीस वर्षं तंत्रज्ञानावर बातमीदारी केली, आता नोकरी सोडून फ्रीलान्स लिहावं आणि सोबत ब्लॉग चालवावा असं मनात आहे, यावर भागतं का, आणि आजकाल ब्लॉग वाचतं तरी कोण?

मी हीच वाट धरली, त्याला आता बराच काळ झाला. नोकरी सोडावी की नाही हे मी सांगणार नाही. गाठीला काय आहे आणि डोक्यावर काय आहे ते तुम्हालाच माहीत. पण फ्रीलान्स आणि ब्लॉग ही नावं तुम्ही एका दमात घेतलीत, तिथे थोडं थांबा. हे दोन वेगळे धंदे आहेत आणि दोन्ही एकमेकांच्या वेळेवर डल्ला मारतात. फ्रीलान्समध्ये तुमचं गिऱ्हाईक म्हणजे संपादक. पैसे एकदा मिळतात, तेही उशिरा, आणि बहुतेक वेळा मजकुराचे हक्क जातात. ब्लॉगमध्ये गिऱ्हाईक वाचक. तो पैसे द्यायला तयार होईपर्यंत वर्षं निघून जातात, पण लिहिलेलं तुमचं राहतं. दोन्ही एकाच आठवड्यात बसवायचं असेल तर कोणतं काम कशासाठी करतोय हे स्वतःशी पक्कं हवं. माझ्यापुरतं सांगतो: घर फ्रीलान्सवर चालतं, आणि फ्रीलान्सची कामं ब्लॉगमुळे येतात. ब्लॉगमधून थेट मिळणारा पैसा मी अजूनही वरकमाईतच धरतो.

नोकरी सुटली की पहिला फरक फोनवर कळतो. परवापर्यंत "सर, सीईओंची वीस मिनिटं काढून देतो" म्हणणारा पीआरवाला आता विचारतो, "छान, पण हे येणार कुठे?" त्याचा दोष नाही, त्याला क्लायंटपुढे कात्रण ठेवायचं असतं. लाँचआधीचं ब्रीफिंग, एम्बार्गोच्या (ठरलेल्या वेळेआधी बातमी न छापण्याच्या अटीच्या) यादीतलं नाव, रिव्ह्यू युनिट म्हणजे परीक्षणासाठी मिळणारं उपकरण हे सगळं तुमच्या प्रकाशनाला मिळत होतं. ते बंद झाल्यावर बरेच जण खट्टू होतात. मी म्हणेन, बरं झालं. एम्बार्गो म्हणजे शेकडो जणांनी एकाच मिनिटाला एकच बातमी छापायची सोय. एकट्याने त्या शर्यतीत धावून हाती काय लागणार? फोनचे रिव्ह्यूही सोडून द्या. ते आता व्हिडिओवाल्यांचं राज्य आहे आणि त्यांच्याकडे फोन तुमच्या आधी पोचतो.

खरी उणीव भासते ती डेस्कची. मेगाबिटच्या जागी मेगाबाइट पडलं तर उपसंपादकाच्या नजरेतून सुटत नसे, आणि कंपनीची नोटीस आली तर कायदा विभाग बघून घेत असे. आता पहिल्या कामासाठी एखाद्या जुन्या सहकाऱ्याला मानधन देऊन मजकूर दाखवावा. या खर्चात हात आखडता घेऊ नका. दुसऱ्यासाठी करार वाचायची सवय लावावी लागते, त्याबद्दल पुढे येतोच.

मग आपल्याकडे विकण्यासारखं उरतं काय? तर जुनं आठवणं. हे ऐकायला फुटकळ वाटेल, पण या बीटवर दर काही वर्षांनी तीच घोषणा नव्या कपड्यात येते आणि ती पहिल्यांदाच ऐकणारी माणसं ती छापतात. पासवर्डचंच घ्या. 'पासवर्ड आता इतिहासजमा' ही प्रेस नोट पासकीच्या (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकनेच खात्यात शिरायच्या सोयीच्या) निमित्ताने तुमच्याही मेलमध्ये आली असेल. मे 2022 मध्ये ॲपल, गुगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून पाठिंबा जाहीर केला तेव्हापासून ती येतेच आहे. पण बिल गेट्स यांनी फेब्रुवारी 2004 मध्ये सायबर सुरक्षेच्या आरएसए परिषदेच्या व्यासपीठावरून हेच भाकीत केलं होतं. तेव्हा मदार होती स्मार्टकार्डवर आणि सतत बदलणारा आकडा दाखवणाऱ्या सेक्युरआयडीसारख्या टोकनवर. म्हणजे प्रत्येकाला एक वेगळी वस्तू द्यायची, ती सांभाळायची, हरवली तर बदलून द्यायची. कंपन्यांमध्ये ते थोडंफार चाललं, घराघरात शिरलं नाही. आज ती वेगळी वस्तू द्यावी लागत नाही, कारण बोटाचा ठसा ओळखणारा फोन आधीच खिशात आहे. हरवण्याचा प्रश्न मात्र सुटला नाही, सरकला. पासकी क्लाउडमधून सिंक होते, म्हणजे सगळा भार तुमच्या गुगल किंवा ॲपलच्या खात्यावर येतो, आणि ते खातं परत मिळवायची वाट जितकी कच्ची तितकीच पासकी कच्ची.

बघा, हा अख्खा परिच्छेद लिहायला ना ब्रीफिंग लागलं ना रिव्ह्यू युनिट. 2016 मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि फेसबुकने चॅटबॉटचा जो गाजावाजा केला होता तो तुम्ही जवळून पाहिला असेल, तर आजच्या एआय एजंटबद्दल (आपणहून कामं उरकणाऱ्या एआयबद्दल) तुम्ही जे लिहाल ते दोन वर्षं बीटवर असलेल्याला लिहिता येणार नाही. ब्लॉगवर नेमकं हेच लिहावं, आणि संपादकांनाही हेच विकावं.

विकण्याची रीत मात्र नोकरीतल्या माणसाला नव्याने शिकावी लागते. 'सायबर सुरक्षेवर लिहू इच्छितो' अशा मेलला उत्तर येत नाही, मग नाव कितीही जुनं असो. चालते ती पिच, म्हणजे लेखाचा प्रस्ताव, साधारण अशी असते: 'घरच्या राउटरला कंपनी किती वर्षं सुरक्षा अपडेट देणार हे खोक्यावर छापलेलं नसतं. बाजारात आजही नवे म्हणून विकले जाणारे काही राउटर मी तपासले. त्यातल्या काहींचे अपडेट कंपनीच्या स्वतःच्या सपोर्ट पानानुसार आधीच थांबलेत. त्या पानांच्या जुन्या प्रती इंटरनेट अर्काइव्हमध्ये आहेत, त्यांचे स्क्रीनशॉट माझ्याकडे आहेत. कंपन्यांना प्रश्न पाठवलेत. 1200 शब्द, पुढच्या गुरुवारी देतो.' यात विषय आहे, पुरावा आहे, लांबी आहे, तारीख आहे. संपादकाला हो किंवा नाही इतकंच म्हणायचं उरतं. नाही म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नका, त्याच दिवशी दुसऱ्याकडे पाठवा.

आणि मानधनाचा हिशेब शब्दावर करू नका, तासावर करा. 1200 शब्दांचा तो राउटरचा लेख टाइप करायला एक दुपार पुरते. पण सपोर्ट पानं चाळणं, कंपन्यांना तीनदा आठवण करणं, संपादकाच्या शंका, दुरुस्त्या, शेवटी इन्व्हॉइस आणि मग त्या इन्व्हॉइसचा पाठपुरावा हे सगळं धरा. शब्दाला चांगल्या वाटणाऱ्या दराने मिळालेले पैसे तासांनी भागलेत की कधी कधी हसू येतं. म्हणून एकाच तपासातून दोन-तीन लेख निघतील असेच विषय धरावेत.

करारात तीन कलमं हमखास बघा. एक, हक्क: सगळे हक्क कायमचे जाताहेत की फक्त प्रथम प्रकाशनाचे? दुसरं, लेख मागवून मग छापला नाही तर ठरावीक रक्कम मिळते का? तिसरं सगळ्यात घातक, आणि ते बहुतेक जण न वाचता सही करतात: लेखावरून दावा झाला तर खर्च लेखकाने सोसायचा असं काही ठिकाणी लिहिलेलं असतं. ते जसंच्या तसं मान्य करू नका. 'लेखकाने जाणूनबुजून खोटं लिहिल्याचं सिद्ध झालं तर' इतपत आकुंचित करून मागा. मी मागतो, आणि मागितल्यावर पुष्कळदा मिळतं. जे देत नाहीत त्यांच्यासाठी निदान कंपन्यांवर आरोप असलेला मजकूर लिहू नये.

आता एक नाजूक गोष्ट. या बीटवरच्या फ्रीलान्सरचा बराच पैसा पत्रकारितेतून येत नाही. श्वेतपत्रिका (कंपनीच्या उत्पादनामागचं तंत्रज्ञान समजावणारी पुस्तिका), ग्राहकांच्या यशोगाथा, सीईओंच्या नावाने जाणारे लेख असं कंपन्यांचं काम येतं आणि ते लेखाच्या कितीतरी पट देतं. ते घेऊ नका असं मी म्हणणार नाही, मीही घेतो. पण ज्या कंपनीचे पैसे घेतले तिच्यावर, आणि तिच्या थेट स्पर्धकावरही, मी लिहीत नाही; कोणाकोणाचं काम केलं त्याची यादी ब्लॉगवर उघड ठेवतो. त्यामुळे काही विषय हातचे जातात, जाऊ देत. 2006 च्या डिसेंबरात विंडोज व्हिस्टा घातलेले एसर फेरारी लॅपटॉप काही ब्लॉगरना पाठवले गेले होते, आठवतंय? लॅपटॉप महागडे होते, आणि ठेवून घेतले तरी चालण्यासारखे होते. वाद पेटला तो लॅपटॉपवरून कमी आणि कोणी ते वाचकांना सांगितलं, कोणी नाही यावरून जास्त. नोकरीत असताना अशा वेळी ऑफिसचा नियम आडवा यायचा आणि आपण नियमावर बोट ठेवून नाही म्हणायचो. आता नियम आपणच करायचा आणि आपणच पाळायचा, तेही महिनाअखेरीला खात्यात खडखडाट असताना.

ब्लॉग कोण वाचतं? 'फोनमधले फोटो लॅपटॉपवर कसे घ्यावेत' छापाचं लिहिलंत तर कोणीही नाही. अशा शोधाचं उत्तर गुगल आता वरच एआयने लिहून दाखवतं (अमेरिकेत हे मे 2024 पासून सर्रास सुरू झालं), खालच्या दुव्यावर यायची गरजच उरत नाही. वाचकांच्या गर्दीवर आणि ॲडसेन्सवर, म्हणजे गुगलच्या जाहिरातींवर, उभा असलेला ब्लॉग सुरू करायची वेळ टळून गेली, असं माझं स्पष्ट मत आहे. बातम्यांचा गोषवारा देणाऱ्या ब्लॉगचंही तेच. 2013 मध्ये गुगल रीडर (अनेक ब्लॉग एकाच जागी वाचायची सोय) बंद झालं तेव्हा आपले कितीतरी वाचक एका रात्रीत वाटेवरून गायब झाले होते, तो धडा इथेही लागू आहे: वाचकाकडे जाणारी वाट दुसऱ्याच्या हातात ठेवू नये. म्हणून ईमेलची यादी पहिल्या दिवसापासून जमवा. यादीतल्या वाचकांना मेल कोणत्या सेवेतून पाठवायची हा दुय्यम प्रश्न आहे. सबस्टॅक सशुल्क वर्गणीतून 10 टक्के घेतं, पेमेंटचं शुल्क वेगळं; घोस्ट वर्गणीतला वाटा घेत नाही पण होस्टिंगचे पैसे द्यावे लागतात. यादी कधीही उचलून दुसरीकडे नेता आली पाहिजे, एवढं बघा. तंत्रज्ञान पत्रकार केसी न्यूटन 2020 मध्ये द व्हर्ज ही साइट सोडून सबस्टॅकवर गेले आणि 2024 च्या सुरुवातीला प्लॅटफॉर्मर हे आपलं वार्तापत्र घोस्टवर घेऊन आले, ते यादी हातात होती म्हणूनच.

अशी यशस्वी नावं वाचून मात्र हुरळू नका. न्यूटन यांच्याकडे निघतानाच मोठा वाचकवर्ग होता. जॉन ग्रुबर यांनी डेअरिंग फायरबॉल हा ॲपलवरचा ब्लॉग 2002 मध्ये सुरू केला आणि पूर्णवेळ त्यावर यायला 2006 उजाडलं. मधली वर्षं कोणी मोजत नाही. आणि पसारा वाढवायचा मोह झाला तर दुसरी यादीही डोळ्यांपुढे ठेवा. ओम मलिक यांनी 2006 मध्ये एका ब्लॉगची कंपनी केली, तिचं नाव गिगाओम. मार्च 2015 मध्ये देणी चुकती करता न आल्याने ती बंद पडली. वॉल्ट मॉसबर्ग आणि कारा स्विशर यांच्याइतकं नाव या बीटवर क्वचितच कोणाचं असेल. त्यांनी जानेवारी 2014 मध्ये रीकोड हे बातम्यांचं संकेतस्थळ सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात ते व्हॉक्स मीडिया या कंपनीला विकलं. परिषदा, जाहिरात विभाग, पगारदार बातमीदार हे सगळं आलं की तुम्ही जे सोडून आलात तेच पुन्हा उभं करता. 404 मीडिया या संकेतस्थळाचे चौघे पत्रकार 2023 मध्ये एकत्र येऊन त्याचे मालक झाले, तो मार्ग मला जास्त पटतो, पण त्यासाठी तसे तिघे सोबती हवेत.

शेवटी, राजीनामा द्यायचं ठरलंच तर तो पाठवण्याआधी काही कामं उरका. तुमचे जुने लेख पीडीएफ करून स्वतःकडे ठेवा. सीनेट (CNET) या तंत्रज्ञानाच्या संकेतस्थळाने 2023 मध्ये शोधक्रमवारी सुधारावी म्हणून हजारो जुने लेख काढून टाकले होते. तुमचं प्रकाशन तसं करणार नाही याची हमी कोण देणार? नवा संपादक नमुने मागतो तेव्हा मेलेला दुवा पाठवून चालत नाही. नोकरीच्या करारात 'सोडल्यावर अमुक काळ स्पर्धक प्रकाशनात लिहिणार नाही' असं कलम आहे का, आणि नोकरीत असताना केलेल्या ब्लॉगवर मालकाचा हक्क लागतो का, हे एखाद्या वकिलाला दाखवा. आणि ज्या सूत्रांनी नाव न छापण्याच्या बोलीवर माहिती दिली, त्यांच्याशी झालेला पत्रव्यवहार ऑफिसच्या मेलवर असेल तर त्याचं काय करायचं हे संपादकांशी बोलून ठरवा, आणि आपण निघतोय हे त्या माणसांना तुम्ही स्वतः कळवा. खातं आयटी विभाग राजीनाम्याच्या दिवशीच बंद करतो, असं बऱ्याच ठिकाणी होतं.