नाव नवं, नोंद जुनी

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या लॅबमधल्या सर्व्हरवर ओरॅकल लिनक्स ७ आहे. त्यावर ओरॅकल १९सी हा डेटाबेस टाकायला घेतलं की इन्स्टॉलर ‘आयएनएस-०६१०१’ दाखवून अडतो. लोकलहोस्टचा (म्हणजे याच मशीनचा) आयपी पत्ता ठरवता येत नाही, असं म्हणतो. इंटरनेट व्यवस्थित चालू आहे. फायरवॉलही बंद करून पाहिली. मध्यंतरी सर्व्हरचं नाव बदलून ‘लॅबडीबी’ ठेवलं होतं.
– लॅब असिस्टंट, लातूर

उत्तर : शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण खरी गोम तिथेच आहे. इंटरनेट आणि फायरवॉलचा इथे काही संबंध नाही. इन्स्टॉलर आधी मशीनला तिचं नाव विचारतो आणि मग त्या नावाचा पत्ता शोधतो. नाव मिळालं, पत्ता नाही, की हा एरर येतो.

तुम्ही नाव बहुतेक ‘होस्टनेमसीटीएल’ने बदललं असणार. ही कमांड नाव बदलते, पण इटीसी डिरेक्टरीतल्या ‘होस्ट्स’ फाइलला, म्हणजे कुठल्या नावाचा पत्ता कोणता याच्या यादीला, हात लावत नाही. गॅझेटमध्ये नाव बदललं आणि रेशनकार्डावर जुनंच राहिलं, तसं झालंय.

रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून ती फाइल उघडा. १२७.०.०.१ आणि ‘लोकलहोस्ट’ असलेली ओळ जागेवर आहे ना, ते आधी पाहा. साफसफाईच्या नादात लोक तीच उडवतात. तिच्याखाली नवी ओळ लिहा: सर्व्हरचा लॅनमधला पत्ता, समजा १९२.१६८.१०.२५, मग डोमेनसकट पूर्ण नाव, मग नुसतं ‘लॅबडीबी’. क्रम हाच ठेवा, कारण पत्त्यानंतरचं पहिलं नाव अधिकृत धरलं जातं. हा पत्ता राउटरकडून आपोआप मिळत असेल तर आधी तो कायमचा करून घ्या. नाहीतर एखाद्या दिवशी पत्ता बदलेल आणि ही ओळ खोटी ठरेल.

कोणीतरी तुम्हाला नक्की सांगेल, ‘१२७.०.०.१ च्याच ओळीत लॅबडीबी लिहून टाक, काम होतंय.’ इन्स्टॉलर गप्प बसेलही. पण मग सर्व्हरवरच्या ज्या प्रोग्रामला या नावाचा पत्ता लागेल, त्याला तो मशीनच्या आतलाच मिळेल. पुढे लॅबमधल्या पीसींवरून जोडणी होईना, की लिसनरच्या (बाहेरून येणाऱ्या जोडण्या घेणाऱ्या ओरॅकलच्या प्रोग्रामच्या) नावाने बोटं मोडत बसाल. हा शॉर्टकट मला मुळीच पसंत नाही.

आता तपासणी. इथे सगळे ‘एनएसलुकअप’ मारतात आणि उत्तर आलं नाही की घाबरतात. ही कमांड थेट डीएनएस सर्व्हरला (नेटवर्कवर नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरला) विचारते, होस्ट्स फाइल उघडतसुद्धा नाही. त्याऐवजी ‘गेटएंट होस्ट्स लॅबडीबी’ चालवा. तिने १९२.१६८.१०.२५ दाखवलं, की जिंकलात. काहीच आलं नाही तर इटीसीमधल्याच ‘एनएसस्विच’ फाइलमधली ‘होस्ट्स’ची ओळ वाचा; नाव आधी कुठे शोधायचं ते ती ठरवते. तिथे ‘फाइल्स’ हा शब्द हवाच, आणि तो ‘डीएनएस’च्या आधी हवा. (डीएनएस आलं १९८३ मध्ये. त्याआधी अख्ख्या आर्पानेटची (इंटरनेटच्या पूर्वज नेटवर्कची) नावं अशाच एका फाइलीत असायची आणि सगळे तिची प्रत उतरवून घ्यायचे. म्हणून ‘होस्ट्स’ फाइलीला जुनाट समजू नका.)

नावात अंडरस्कोअर घातला असेल तर काढा. होस्टनेममध्ये इंग्रजी अक्षरं, आकडे आणि हायफन एवढंच चालतं.

हे झाल्यावर इन्स्टॉलर बंद करून नव्याने सुरू करा. आणि फायरवॉल आजच पुन्हा चालू करा. त्यात लिसनरसाठी १५२१ पोर्ट उघडा, तोही फक्त लॅबच्या नेटवर्कपुरता.