वाचकांचे प्रश्न : सरकारी मदत कोणाला मिळावी?

प्रश्न : मी नोकरदार आहे. माझ्या पगारातून आयकर आणि व्यवसाय कर दोन्ही कापले जातात. आमच्याच गल्लीत दारात चारचाकी उभी असलेल्या एका घरात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे दीड हजार रुपये येत होते. मदत खऱ्या गरजूंनाच द्यावी आणि बाकीच्यांची नावे दयामाया न दाखवता कापावीत, असे मी म्हटले की लोक मला गरिबांचा शत्रू ठरवतात. माझे काय चुकते?

उत्तर : आपला राग रास्त आहे. योजनेच्या नियमांप्रमाणे कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांच्या आत हवे आणि घरात ट्रॅक्टर वगळता चारचाकी नसावी. म्हणजे त्या घराने नियम मोडूनच पैसे घेतले. २०२५ मधील छाननीत तर पुरुषांच्या नावावरही रक्कम जमा झाल्याचे उघड झाले. अशा रकमा परत घेतल्या गेल्याच पाहिजेत, याविषयी आमच्या मनात शंका नाही.

मात्र ‘दयामाया न दाखवता’ या शब्दांशी आम्ही सहमत नाही. मदतवाटपात दोन प्रकारच्या चुका होतात. अपात्र माणसाला पैसे मिळतात, ही एक. आणि पात्र माणूस वगळला जातो, ही दुसरी. पहिली चूक सर्वांना दिसते, कारण चारचाकी दारातच उभी असते. दुसरी चूक कोणाच्या नजरेस पडत नाही, कारण जिचा अर्ज कागदाअभावी पडून राहिला ती बाई कोणाला सांगायला जात नाही, आणि ज्याने अर्जच केला नाही त्याची तर कोठे नोंदही नसते. सार्वजनिक चर्चेत आपण सारे पहिल्या चुकीवर तुटून पडतो आणि तिच्यावर उपाय म्हणून एकेक नवी अट घालत जातो, आणि प्रत्येक नवी अट दुसऱ्या चुकीत भर घालते.

याच योजनेतील ई-केवायसीचे उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये ती सुरू झाली तेव्हा लाभार्थी महिलेबरोबर तिच्या पतीचे किंवा वडिलांचेही आधार पडताळणे आवश्यक केले गेले. ज्या घरी चारचाकी आहे, त्या घरी नवऱ्याच्या मोबाइलवर आलेला ओटीपी भरायला कितीसा वेळ लागणार? अडली ती विधवा, परित्यक्ता आणि आईवडील नसलेली मुलगी, कारण तिने ओटीपी मागायचा तरी कोणाकडे? शासनाला नंतर अशा महिलांसाठी वेगळी सोय करावी लागली. अपात्रांना पकडायला लावलेली चाळणी सर्वांत आधी सर्वांत निराधार बाईला अडवते, हे अपघाताने घडत नाही. पुरावा देण्याचे ओझे अर्जदारावर टाकले की असेच होते. वाहनाची नोंद परिवहन विभागाकडे आहे, आयकराची नोंद प्राप्तिकर खात्याकडे आहे, सरकारी नोकरांची यादी सरकारकडेच आहे. सधनांना वगळायचे तर या नोंदी शासनाने आपसांत ताडून पाहाव्यात. गरिबाने आपली गरिबी दर वर्षी नव्याने सिद्ध करावी, हा मार्ग आम्हाला मान्य नाही.

आपण व्यवसाय कराचा उल्लेख केला आहे. आज दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये असा कापला जाणारा हा कर महाराष्ट्रात १९७५ पासून आहे आणि तो रोजगार हमी योजनेच्या खर्चासाठी सुरू झाला. १९७२ च्या दुष्काळात ही योजना उभी राहिली, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी ती मनापासून पुढे नेली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पाझर तलावाच्या किंवा खडी फोडण्याच्या कामावर कोणी उत्पन्नाचा दाखला मागत नव्हते. रणरणत्या उन्हात तुटपुंज्या मजुरीवर राबायला जो येतो, तो गरजू आहे हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. अंथरुणाला खिळलेल्या किंवा वृद्ध माणसाला ही कसोटी लावता येणार नाही, हेही तितकेच खरे. आणि कर केवळ पगारदार भरतात असेही नाही. मोबाइलच्या रिचार्जवर मजूरही जीएसटी देतोच.

प्रश्न : माझी मावशी विधवा आहे आणि दोन घरी धुणीभांडी करते. संजय गांधी निराधार योजनेसाठी उत्पन्नाचा दाखला काढायला गेली, तर उत्पन्न मर्यादेबाहेर जाते आहे, ‘कमी दाखवून आणा’ असे एकाने सुचवले. तिने तसे करावे का?

उत्तर : करू नये, खोट्या दाखल्याची जबाबदारी शेवटी तिच्यावरच येईल. पण तिची कोंडी आम्हाला समजते. या योजनेत विधवेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला १,७५० आणि दिवसाला ५८ रुपयांहूनही कमी. दोन घरची कामे करणारी कोणतीही बाई याहून अधिक कमावते. त्याच राज्यात, तेवढ्याच दीड हजार रुपयांसाठी, लाडकी बहीण योजनेत अडीच लाखांची मर्यादा आहे. निराधार विधवेला जवळपास बारापट कडक अट लावण्याचे समर्थन आम्हाला कोठेच सापडत नाही. इतक्या खालच्या मर्यादेमुळे प्रामाणिक माणूस बाहेर राहतो आणि कागद ‘जमवून’ आणणारा आत येतो. वैधव्य मृत्यूच्या दाखल्याने सिद्ध होते, वय जन्मनोंदीने, अपंगत्व वैद्यकीय प्रमाणपत्राने. अशा उघड कसोट्या पुरेशा मानून उत्पन्नाची मर्यादा तरी तातडीने वाढवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तोवर मावशींनी खऱ्या उत्पन्नाचा दाखला घ्यावा, अर्ज रीतसर दाखल करावा आणि तो नाकारला गेल्यास कारण लेखी मागावे. दाखलाच मुदतीत मिळाला नाही, तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करता येते. रेशनकार्ड कोणत्या प्रकारचे आहे तेही पाहावे. खात्रीचे उत्पन्न नसलेल्या विधवेचे कुटुंब अंत्योदय गटात बसू शकते आणि त्या गटाला दरमहा ३५ किलो धान्य मिळते.

प्रश्न : मग सगळ्या अटी काढून प्रत्येकाला सारखी रोख रक्कम देणे सोपे नाही का?

उत्तर : काही गोष्टी सर्वांना द्याव्यातच. शाळेतील पोषण आहाराच्या पंक्तीत मुलाच्या बापाचे उत्पन्न विचारले जात नाही, आणि ते योग्यच आहे. आजारपण मध्यमवर्गीय घरालाही आठवड्याभरात कर्जबाजारी करते, म्हणून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत २०२३ च्या निर्णयाने पांढऱ्या रेशनकार्डधारकांनाही सामावून घेतले, याचे आम्ही स्वागत करतो. रोख रकमेचे मात्र तसे नाही. तीच थैली सर्वांत वाटली तर प्रत्येकाच्या हाती चिमूटभर येते. ६० ते ७९ वर्षांच्या गरीब वृद्धांच्या निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा अनेक वर्षांपासून दरमहा २०० रुपयेच आहे. पैसा उपलब्ध असेल, तर आधी ही रक्कम वाढवावी.