क्युबन म्हणजेच बेस्ट? थोडं थांब
मित्रा, पहिलीच सिगार क्युबन हवी हा हट्ट सोड. क्युबाची माती भारीच, पिनार देल रिओ प्रांतातल्या व्हुएल्ता आबाहो भागातल्या तंबाखूची चव वेगळी लागते हे मी पण मानतो, पण १९६० मध्ये तिथले कारखाने सरकारने घेतले आणि सिगार बनवणारी बरीच कुटुंबं बाहेर पडली, ती डोमिनिकन रिपब्लिक, होंडुरास, निकाराग्वात गेली आणि कसब सोबत घेऊन गेली. आज निकाराग्वातल्या एस्तेली शहरात बनणारी पाद्रोन ब्रँडची सिगार ओढून बघ, नाव झाकून दिली तर कमी म्हणणार नाहीस.

क्युबनमध्ये सगळी पानं क्युबाचीच असतात. बाकीचे बरेच जण दोन-तीन देशांची पानं मिसळतात, म्हणून तिकडे व्हरायटी जास्त. आणि खरं सांगू, क्युबनमध्ये घट्ट वळलेली, धूरच न येणारी सिगार निघते कधीकधी, एवढे पैसे घालून ते फार लागतं मनाला.

नकली माल तर क्युबनचाच सगळ्यात जास्त. काचेच्या झाकणाच्या बॉक्समधली कोहिबा (क्युबाचा प्रसिद्ध ब्रँड) दिसली तर हातसुद्धा लावू नकोस. आधी माइल्ड डोमिनिकन घे, ह्युमिडॉरमध्ये (सिगार ठेवायची, ओलावा टिकवणारी पेटी) ६५ ते ७० टक्के ह्युमिडिटी ठेव, नाहीतर कुठलीही सिगार कडूच लागणार.