तेल, रेल्वे आणि आपल्या पलटणी: पहिल्या महायुद्धातल्या इराकबद्दल तुमचे प्रश्न

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी तुर्कांकडून इराक कसा घेतला यावर मागच्या वेळी लिहिलं होतं, त्यावर बरेच प्रश्न आलेत. सगळे घेता येणार नाहीत, जे परत परत विचारले गेले ते घेतोय.

प्रश्न: इराकमधलं युद्ध तेलासाठीच झालं असं सगळीकडे वाचायला मिळतं. कितपत खरं आहे?

सुरुवातीला तेल वाचवायला आणि शेवटी तेल मिळवायला, असं म्हटलं तर बरंचसं बरोबर होईल, पण मधली चार वर्षं नुसत्या तेलाने समजत नाहीत.

1914 साली ब्रिटिशांचं तेल इराकमध्ये नव्हतंच, ते शेजारी इराणात होतं. विल्यम डार्सी नावाच्या माणसाने 1901 मध्ये इराणच्या शहाबरोबर 60 वर्षांचा करार केला, 20 हजार पौंड रोख, तेवढ्याच किमतीचे शेअर आणि नफ्यात 16 टक्के वाटा. सात वर्षं पैसा नुसता जमिनीत जात होता, मग 26 मे 1908 ला मस्जिद-ए-सुलेमानला तेल लागलं, पुढच्या वर्षी अँग्लो-पर्शियन कंपनी निघाली आणि पाइपलाइन टाकून तेल आबादानच्या रिफायनरीत यायला लागलं. आता नकाशा बघा. आबादान शत-अल-अरब नदीवर आहे आणि समोरचा किनारा तुर्कांचा! त्यात चर्चिल आरमाराचा मंत्री होता, नव्या युद्धनौका कोळशाऐवजी तेलावर चालवायचं ठरलेलं, म्हणून ब्रिटिश सरकारने या कंपनीचे 51 टक्के शेअर स्वतःच घेतले. त्या कायद्यावर शेवटचं शिक्कामोर्तब झालं 10 ऑगस्ट 1914 ला, म्हणजे जर्मनीशी युद्ध सुरू होऊन सहा दिवस झाले होते. सरकारच मालक झाल्यावर कंपनीचं हित कुठे संपतं आणि देशाचं कुठे सुरू होतं हे कोण सांगणार?

आणि तारखा नीट बघा. पहिली ब्रिगेड मुंबईहून निघाली 16 ऑक्टोबरला, 23 ला बहारीनला पोचून जहाजातच थांबली, तुर्कस्तानशी युद्ध जाहीर झालं 5 नोव्हेंबरला आणि 6 तारखेला फौज शत-अल-अरबच्या मुखावरच्या फावला उतरली. फौज आधी निघाली, युद्ध नंतर जाहीर झालं. अर्थात कारण एकच नव्हतं. कुवेत आणि मोहम्मरा इथले शेख ब्रिटिशांच्या भरवशावर होते, त्यांना धीर द्यायचा होता, आणि तुर्कांच्या खलिफाने जिहाद पुकारला तर हिंदुस्थानातल्या मुसलमानांवर काय परिणाम होईल ही भीती दिल्लीत होतीच. पण आबादान राखायला बसरा पुरेसं होतं. तिथून अमारा, कुत, बगदाद असं पुढे पुढे जाणं ही प्रतिष्ठेची हाव होती असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न: मग जर्मनांची बर्लिन-बगदाद रेल्वे? ब्रिटन-जर्मनी भांडणाचं मूळ तेच ना?

भांडण होतं, पण ते युद्धाआधीच मिटत आलं होतं आणि ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. रेल्वेमागे डॉइचे बँक होती, बगदादपर्यंतचा मोठा करार 1903 चा. ब्रिटिशांनी 1899 मध्येच कुवेतच्या शेख मुबारककडून लिहून घेतलं होतं की आमच्या परवानगीशिवाय कुणाला जमीन द्यायची नाही. पुढे बरीच वर्षं घासाघीस चालली आणि जून 1914 मध्ये लंडन-बर्लिन तडजोड झाली की रेल्वे बसऱ्याच्या पुढे नेणार नाही. टर्किश पेट्रोलियम कंपनीची वाटणी त्याआधी मार्चमध्येच झाली होती, अर्धी अँग्लो-पर्शियनला, पाव डॉइचे बँकेला, पाव शेलला. मोसुल-बगदादच्या तेलाचा हक्क या कंपनीला देण्याचं आश्वासन तुर्की वजिराने पत्राने दिलं 28 जून 1914 ला. त्याच दिवशी साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा, म्हणजे आर्चड्यूकचा खून झाला आणि त्यातूनच महायुद्ध पेटलं. व्यापारी एका टेबलावर बसले होते, त्यांची सरकारं पाच आठवड्यांत एकमेकांवर तोफा डागायला लागली. रेल्वे म्हणाल तर युद्धात तॉरस डोंगरातले बोगदेच पूर्ण नव्हते, माल उतरवून पलीकडे परत चढवावा लागायचा.

प्रश्न: आमच्या पणजोबांची पलटण कुतला होती असं घरात सांगतात. तिथे नेमकं काय झालं? (सातारा)

तुमच्या घरची गोष्ट खरी असण्याची शक्यता भरपूर आहे. कुतला अडकलेली डिव्हिजनच सहावी पुणे डिव्हिजन होती आणि तिच्यात 103, 110 आणि 117 अशा तीन मराठा पलटणी होत्या. यातली 117 वी तर मुंबईहून निघालेल्या त्या पहिल्या ब्रिगेडमधलीच.

या डिव्हिजनचा सेनापती जनरल टाउनशेंड नोव्हेंबर 1915 मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोनला पोचला, तिथे जबरदस्त मार खाल्ला आणि मागे हटून टायग्रिस नदीवरच्या कुतला येऊन बसला. 7 डिसेंबरला वेढा पडला. आणि इथे व्यापार परत येतो बघा. टायग्रिसवर लिंच ब्रदर्स ही ब्रिटिश कंपनी 1860 च्या दशकापासून आगबोटी चालवत होती, लोकर, धान्य, खजूर आणि प्रवासी यांच्यासाठी. सैन्य चारशे मैल आत शिरलं पण त्याला पुरतील एवढ्या बोटीच नव्हत्या, होत्या त्याच लिंचच्या नि तसल्या जुन्या बोटी ताब्यात घेऊन काम चाललं होतं. टेसिफोनचे जखमी 'मेजिदिये' नावाच्या अशाच एका बोटीने बसऱ्याला आणले. तिथे इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर कार्टर थांबले होते, त्यांना लांबून वाटलं की बोटीच्या बाजूने दोर लोंबतायत, जवळ आल्यावर कळलं की ती वाळलेली विष्ठा आहे, कारण डेकवर माणसं एवढी खच्चून भरली होती की कुणाला हलताही येत नव्हतं. त्यांनी हे जसंच्या तसं कळवलं तर वरिष्ठांनी त्यांनाच दम दिला. पुढे चौकशी कमिशन बसलं, 1917 मध्ये अहवाल आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

कुतमध्ये धान्य संपत आलं, घोडे कापायला सुरुवात झाली. आपल्या लोकांनी घोड्याचं मांस खायला नकार दिला, हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून वायरलेसवर परवानगी मागवली तरी बरेच जण तयार होईनात, गावात परत गेल्यावर जातीत घेतील का ही काळजी उपासमारीपेक्षा मोठी होती, आणि भाजीपाला नाही की मांस नाही म्हणून स्कर्व्हीने माणसं पडायला लागली. शेवटी 24 एप्रिल 1916 च्या रात्री 'जुलनार' नावाची बोट 270 टन रसद भरून वेढा फोडायला निघाली. ही पण लिंचचीच, आणि तिच्यावर वाट दाखवायला होता चार्ल्स काउली, लिंच कंपनीचाच कॅप्टन, ज्याला नदीचं वळण न् वळण पाठ. तुर्कांनी मगासिसला नदीत आडवा तारेचा दोर टाकला होता, बोट त्यात अडकली. कुत तिथून फक्त चार-पाच मैल होतं. काउलीला पकडल्यावर मारून टाकलं असं मानतात. लॉरेन्स आणि ऑब्री हर्बर्ट हे ब्रिटिश अधिकारी फौज सोडून देण्याच्या बदल्यात 20 लाख पौंडांची ऑफर घेऊन गेले, तुर्कांनी ती नाकारली. 29 एप्रिलला सुमारे 13 हजार लोकांनी शरणागती पत्करली, त्यात बहुसंख्य हिंदुस्थानी. वाळवंटातून पायी नेताना आणि नंतर कैदेत हजारो मेले.

अजून एक. बसऱ्याच्या स्मारकावर हिंदुस्थानी अधिकाऱ्यांची नावं आहेत, साध्या शिपायांचे पलटणीनुसार फक्त आकडे कोरलेत. म्हणून पणजोबांचं नाव तिथे शोधू नका, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या नोंदींत शोधा, आणि गावच्या जुन्या वीरगळावर किंवा शिलालेखावरही बघा, बऱ्याच गावांत 'या गावातून इतके लोक लढाईवर गेले' अशी पाटी अजून आहे.

प्रश्न: सायक्स-पिको करारात मोसुल फ्रान्सकडे होतं ना? मग इराकमध्ये कसं आलं?

हो, तुर्कांचा मुलूख आपसात वाटून घ्यायच्या ब्रिटन-फ्रान्सच्या मे 1916 च्या त्या गुप्त करारात मोसुल फ्रेंचांच्या प्रभावाखाली जाणार होतं. तेव्हा ब्रिटिशांना आपल्या आणि रशियाच्या मध्ये फ्रेंच बसलेले हवे होते. दहा महिन्यांनी बगदाद पडल्यावर ब्रिटिश सेनापती जनरल मॉडने जाहीरनामा काढला की आम्ही जिंकायला नाही, मुक्त करायला आलोय. तो लिहिला होता याच करारातल्या मार्क सायक्सने! पुढे रशियात क्रांती झाली, बोल्शेविकांनी गुप्त करार छापून टाकले आणि ऑगस्ट 1918 मध्ये कॅबिनेट सेक्रेटरी हँकी लिहायला लागला की या भागातलं तेल ताब्यात घेणं हे युद्धाचं पहिल्या दर्जाचं उद्दिष्ट आहे. 30 ऑक्टोबरला तुर्कांशी शस्त्रसंधी झाली तेव्हा फौज मोसुलच्या बाहेर होती, शहर घेतलं त्यानंतर, नोव्हेंबरात.

मग 1 डिसेंबर 1918 ला लंडनमध्ये फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमान्सो आणि ब्रिटनचे लॉइड जॉर्ज भेटले. क्लेमान्सोने विचारलं, काय हवंय? मोसुल. मिळेल, आणखी? जेरुसलेम. तेही मिळेल. हँकीने नंतर डायरीत असंच लिहून ठेवलंय, बाकी त्या बैठकीचं अधिकृत टिपण नाही. लाखो माणसांचं भवितव्य असं तोंडी ठरलं. किंमत ठरली एप्रिल 1920 मध्ये इटलीतल्या सॅन रेमोच्या परिषदेत, टर्किश पेट्रोलियममधला डॉइचे बँकेचा जप्त केलेला पाव हिस्सा फ्रान्सला.

प्रश्न: मुंबई-दिल्लीचं सरकार आणि कैरोचे इंग्रज अधिकारी वेगवेगळ्या अरबांना पैसे देत होते, हे खरं?

अगदी खरं. कैरोवाले मक्केच्या शरीफ हुसेनच्या मागे, त्याला महिन्याला सव्वा लाख पौंडांच्या घरात सोनं जायचं. हिंदुस्थान सरकारचा माणूस मध्य अरबस्तानातला नज्दचा राजा इब्न सौद, त्याच्याशी डिसेंबर 1915 मध्ये तह आणि नंतर महिना 5 हजार पौंड. 1924 मध्ये इब्न सौदने हुसेनच्या घराण्याकडून मक्का घेतली. इकडे आर्नल्ड विल्सनसारखे अधिकारी इराक ही हिंदुस्थानची वसाहत करा म्हणत होते, आणि आपला रुपया तिथे 1932 पर्यंत चालला.

प्रश्न: एवढं सगळं होऊन इराकला काय मिळालं?

सॅन रेमोच्या करारात लिहिलं होतं की स्थानिकांना तेल कंपनीत 20 टक्क्यांपर्यंत हिस्सा घेता येईल. इराक सरकार आणि टर्किश पेट्रोलियम यांच्या मार्च 1925 च्या करारात तो हिस्सा नाहीच, टनाला 4 सोन्याचे शिलिंग रॉयल्टी तेवढी. मोसुल इराकला मिळणार की तुर्कस्तानला याचा निकाल तेव्हा लीग ऑफ नेशन्सकडे अडकला होता, बगदादचं सरकार दुबळं होतं, सही करावीच लागली. दोन इराकी मंत्र्यांनी राजीनामे दिले. ऑक्टोबर 1927 मध्ये किरकुकजवळ बाबा गुरगुरला तेलाचा फवारा उडाला आणि जुलै 1928 मध्ये टर्किश पेट्रोलियमची नवी वाटणी झाली, अँग्लो-पर्शियन, शेल, फ्रेंच आणि अमेरिकन कंपन्यांनी प्रत्येकी 23.75 टक्के घेऊन उरलेले 5 टक्के गुलबेंकियन या दलालाला दिले. त्या कागदावर इराकचा हिस्सा शून्य होता.