हार्ट अटॅकनंतर वडिलांचं तेल-तूप पूर्ण बंद केलंय, तरी ते सारखे भूक-भूक करतात. ओट्स द्यावेत का?

द्या. ओट्समधला विरघळणारा तंतू, बीटा-ग्लुकन, दिवसाला 3 ग्रॅमच्या आसपास गेला तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, थोडं उतरतं. जवातही तो असतो. मसाला ओट्सची पाकिटं नकोत, मीठ फार. पण तुमचं ते 'पूर्ण बंद' वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितेय.

आमच्या बाबांची अँजिओप्लास्टी इथे इंदूरलाच झाली. दादा पुण्याहून आला आणि त्याने स्वयंपाकघराचा ताबाच घेतला. तूप, शेंगदाणे, अंडं, फोडणीचं तेल, सगळं 'फॅट' म्हणून हद्दपार. त्याजागी आलं काय? टोस्ट, मारी बिस्किटं, मुरमुरे, साय काढलेल्या दुधातली साबुदाण्याची खीर. रामबागेत आयुष्यभर सेव घातलेले पोहे खाल्लेला माणूस निमूटपणे चहात टोस्ट बुडवायचा आणि अकरा वाजले की एकेका डब्याचं झाकण उघडून बघायचा. दादा फोनवर म्हणायचा, "बाबांची जीभ सुटलीय." या वाक्याचा मला आजही राग येतो. ती भूक होती, हावरटपणा नव्हे!

मैदा पोटात टिकतो किती? साखर झटकन चढते, तशीच उतरते, की पुन्हा भूक. प्रथिनं आणि तंतू असले, जोडीला थोडं तेल असलं, की जठर सावकाश रिकामं होतं आणि आतड्यातून 'आता पुरे' सांगणारी जीएलपी-1 सारखी संप्रेरकं सुटतात. 1995 साली सिडनीत सारख्याच कॅलरींचे पदार्थ खायला देऊन पोट किती भरलेलं वाटतं ते मोजलं होतं. उकडलेला बटाटा सगळ्यात वर, क्रोसाँ सगळ्यात खाली. आपली खारी त्याच जातीची.

पुढच्या रिपोर्टात बाबांचे ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली एक चरबी, वाढलेले. जास्तीच्या पिठा-साखरेपासून यकृत ते स्वतःच बनवतं. दादाचं म्हणणं, बाबा चोरून तूप खात असणार.

मग सकाळचा नाश्ता मी हातात घेतला. पोहे निम्मे, वर मोडाच्या मटकीची उसळ भरपूर, सेवेऐवजी भाजलेले शेंगदाणे, जिरावण (पोह्यांवरचा इंदुरी मसाला) चिमटीभर कारण त्यातही मीठच. शेंगदाणा तेल चमच्याने मोजून. बाबा दुपारच्या जेवणापर्यंत शांत बसायला लागले, ट्रायग्लिसराइड्सही उतरले. दादाला स्पेनची प्रेडिमेड चाचणी दाखवली (2013 ची, त्रुटी सुधारून 2018 मध्ये पुन्हा छापलेली): हृदयविकाराचा धोका असलेल्यांत ऑलिव्ह तेल किंवा अक्रोड-बदाम रोज खाणाऱ्या गटांना हार्ट अटॅक आणि पक्षाघात मिळून कमी झाले. तो म्हणाला, ते स्पेनचं झालं. मग तुझे टोस्ट कुठल्या अभ्यासातले, असं मी विचारलं. उत्तर आलं नाही.

हो, तूप मोकाट सोडा असं मी म्हणत नाही. त्यातली चरबी बहुतांश संपृक्त, एलडीएल वाढवणारी. बाबांना सणावारी वरणभातावर अर्धा चमचा, बस. किडनीचा त्रास असेल तर डाळी-उसळी डॉक्टरांना विचारूनच वाढवा. वॉरफरिन (रक्त गोठू न देणारी गोळी) चालू असेल तर पालेभाज्यांचं प्रमाण एकदम बदलू नका. लो-सोडियम मिठात पोटॅशियम असतं, तेही विचारूनच. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आणि तुमच्या घरात कोणी 'जीभ सुटलीय' म्हणत असेल, तर आधी त्यांनाच आठवडाभर चहा-टोस्टवर राहायला सांगा. दादाला मी हे केव्हाच सांगितलंय.